बोरघाटाचे दगडी दरीपूल : दर्शनी दगडामागची शिकवण

देवणी हे गाव सर्वदूर परिचित आहे, ते तेथील गोवंशामुळे. या परिसरातील प्रवाशाला मुंबईची गाडी धरावयाची तर उदगीर किंवा लातूर गाठावे लागते. रात्री गाडीत बसावे; कुर्डुवाडी, दौंड, पुणे ही स्थानके झोपेतच मागे पडावीत; आणि पहाटे लोणावळा सोडल्यावर गाडीची गती मंदावल्यामुळे जाग यावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल. खिडकीबाहेर क्षणात बोगद्याचा अंधार, तर क्षणात खोल दरीचे दर्शन घडते. दरीवरून गाडी जात असताना आपल्या पायाखाली काय आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. पायाखाली असतो तो काळ्या दगडाचा पूल आणि त्यामागे असतो दीडशे वर्षांहून जुना इतिहास.

हा इतिहास केवळ पराक्रमाचा नाही. त्यात एका मोठ्या अपयशाचीही नोंद आहे. त्या अपयशाचा संबंध बोरघाटापुरता मर्यादित नसून लातूर जिल्ह्यातील प्रत्येक दगडी भिंतीशी, गावच्या मोरीशी व पुलाशी आहे. म्हणूनच या पुलांची माहिती पंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांनी करून घेणे अगत्याचे ठरते.

सह्याद्रीचे आव्हान

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्यास गेली. ठाण्याची खाडी ओलांडून १ मे १८५४ रोजी हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. येथवरचे काम तुलनेने सुकर होते. पुढे मात्र सह्याद्रीची भिंत उभी होती. देशावरचा कापूस व धान्य बंदरावर आणावयाचे तर ही भिंत ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्याकाळी घाटाखाली जाणारा बहुतेक माल बैलांच्या पाठीवरून अथवा गाड्यांतून जात असे. लमाणांचे तांडे आठवडेच्या आठवडे वाट चालत. वाटेत धूळ, पाऊस व चोरी यांमुळे कापसाची प्रत उतरे आणि शेतकऱ्याच्या पदरी पडणारा भावही त्याबरोबर उतरे. पावसाळ्यात तर वाहतूक जवळजवळ थांबतच असे.

कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी अनेक पर्यायी मार्गांची पाहणी करून बोरघाटाची आखणी निश्चित केली. जानेवारी १८५६ मध्ये प्रत्यक्ष कामास आरंभ झाला. घाटाची लांबी सुमारे पावणेसोळा मैल, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर. आणि तेवढ्या अंतरात चढावयाची उंची १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर होती. सर्वांत तीव्र चढण ३७ फुटांस एक फूट या प्रमाणात होती. बैलगाडीला ही चढण विशेष वाटणार नाही. परंतु गुळगुळीत रुळावरून गुळगुळीत चाकांनी जाणाऱ्या आगगाडीच्या दृष्टीने ती फार मोठी आहे. आजही मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना कर्जत येथे मागून जादा एंजिने जोडावी लागतात.

एका ठिकाणी डोंगराच्या सोंडेवर मार्ग वळविण्यास जागाच नव्हती. तेथे गाडी थांबवून एंजिन दुसऱ्या टोकास जोडण्याची व गाडी उलट दिशेने पुढे नेण्याची सोय करण्यात आली. हे उलटफेरीचे स्थानक १९२९ मध्ये नव्या आखणीमुळे वापरातून गेले. याखेरीज मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले, अनेक लहान पूल व मोऱ्या बांधाव्या लागल्या आणि आठ ठिकाणी दऱ्यांवर मोठे कमानदार पूल उभारावे लागले. नदीचे पात्र ओलांडतो तो पूल आपल्या ओळखीचा आहे. कोरडी वा केवळ पावसाळ्यात वाहणारी दरी ओलांडण्यासाठी ओळीने अनेक कमानी उभारून जो पूल बांधतात, त्यास या लेखात दरीपूल असे म्हटले आहे.

कमान उभी राहते कशी?

दगडाचा एक गुण व एक दोष प्रत्येक गवंड्यास ठाऊक असतो. दगड दाब उत्तम सोसतो. ताण मात्र त्यास सोसत नाही. लांब शिळा दोन टोकांवर टेकवून मधोमध भार ठेवला, तर ती खालच्या बाजूने तडकते. कमानीची युक्ती अशी की, तीत प्रत्येक दगडावर फक्त दाबच पडावा.

कमानीचे दगड पाचरीच्या आकाराचे घडविलेले असतात. प्रथम लाकडाचा अर्धगोल सांगाडा, म्हणजे ढोला, उभारतात. त्यावर दोन्ही बाजूंनी सारख्या गतीने दगड बसवीत येतात व शेवटी माथ्यावरचा मधला दगड ठोकून बसवितात. चुना घट्ट झाल्यावर ढोला काढून घेतला की सगळे दगड एकमेकांस रेटू लागतात आणि त्या रेट्यामुळेच कमान उभी राहते. माथ्यावर पडलेला भार दोन्ही अंगांनी खाली उतरत खांबांत व खांबांतून पायात जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कमान खांबाला केवळ खाली दाबत नाही, ती त्याला बाहेरही ढकलते. एका खांबावर दोन्ही बाजूंनी सारख्या कमानी टेकल्या असतील तर हे दोन रेटे परस्परांस तोलून धरतात. म्हणून दरीपुलाच्या कमानी सहसा एकाच मापाच्या ठेवतात. परंतु याचाच दुसरा अर्थ असा की, एक खांब खचला वा एक कमान ढासळली, तर शेजारच्या खांबाचा तोल जातो व पडझड ओळीने पुढे सरकू शकते.

दुसरी महत्त्वाची बाब चुन्याची. शुद्ध चुना हवेच्या संपर्काने हळूहळू घट्ट होतो. परंतु कित्येक फूट जाडीच्या खांबाच्या पोटात हवा पोहोचत नाही. म्हणून अशा कामात मातीचा योग्य अंश असलेली चुनखडी भाजून केलेला, पाण्यातही घट्ट होणारा चुना वापरावा लागतो. किंवा चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, मिसळावी लागते. हे मिश्रण बैलाच्या घाणीत पुरेसा वेळ मळले गेले पाहिजे. घाणीचे फेरे कमी केले, चुना शिळा वापरला, त्यात वाळू अधिक घातली, तर बांधकाम बाहेरून तसेच दिसते. आतून मात्र ते कच्चे राहते.

हजारो हातांचे काम

बोरघाटाचे काम सव्वासात वर्षे चालले. पहिले कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल हे होते. मजुरीच्या प्रश्नावरून १८५९ च्या प्रारंभी मजुरांत मोठा असंतोष उफाळून आला आणि त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी काम सोडले. त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल यांनी कंत्राट घेतले. परंतु हिंदुस्थानात पोहोचल्यावर अल्पावधीतच त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी हे कंत्राट स्वतःकडे घेऊन अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने ते तडीस नेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एका स्त्रीने एवढ्या मोठ्या बांधकामाची जबाबदारी पेलावी, ही घटना विशेष उल्लेखनीय होय.

परंतु खरे काम केले ते येथल्या मजुरांनी. जानेवारी १८६१ च्या सुमारास घाटात ४२,००० माणसे कामावर होती. त्यांत सुरुंग लावणारे होते, पाथरवट होते, वडार होते, गवंडी, सुतार, लोहार होते. आणि डोक्यावर माती वाहणारी स्त्रियांची व मुलांचीही मोठी संख्या होती. कड्यावरून दोरांनी खाली सोडलेल्या माणसांनी पहारीने भोके पाडून सुरुंग भरले. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचे काम बहुतांशी थांबत असे, त्यामुळे वर्षाचे काम आठ महिन्यांत उरकण्याची घाई असे. निवाऱ्याची व पिण्याच्या पाण्याची सोय अपुरी होती आणि पटकीच्या साथींनी अनेकांचे बळी घेतले. अभियंत्यांची व कंत्राटदारांची नावे ग्रंथांतून आढळतात. या हजारो कष्टकऱ्यांची नावे मात्र कोठेही कोरलेली नाहीत.

२१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले आणि १४ मे १८६३ पासून वाहतूक सुरू झाली. नाशिकच्या बाजूने थळघाटाचे काम १८६५ च्या आरंभी पूर्ण झाले. तेथील एहेगावचा पूल १८२ फूट उंच असून त्यात दगडी खांबांवर लोखंडी तुळया टाकण्यात आल्या होत्या.

मराठवाड्याशी असलेले नाते

घाट खुला झाला त्यावेळी अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते व तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला होता. त्यामुळे दख्खनच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली. सोलापूरपर्यंतचा लोहमार्ग १८६० मध्येच तयार होता. बोरघाटाचा दुवा जुळताच सोलापूर ते मुंबई असा सलग मार्ग झाला. सोलापूर व बार्शी या बाजारपेठांशी मराठवाड्याच्या दक्षिण भागाचा व्यापार पूर्वापार चालत आला आहे. त्या वाटेने येथील मालासही बंदर जवळ आले.

पुढे १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. तेव्हा मुंबईहून देशावर धान्य आले ते याच घाटातून. रेल्वे असूनही लाखो माणसे मृत्युमुखी पडली, कारण धान्य येऊनही ते विकत घेण्याची ऐपत लोकांपाशी उरली नव्हती. तरीही संकटकाळी वाहतुकीचा मार्ग शाबूत असणे किती आवश्यक आहे, हे त्या दुष्काळाने दाखवून दिले.

लातूरकडे येणारा फाटा त्यानंतरचा आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुंदीची छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत व १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. सुमारे शंभर वर्षांनी, २००८ पर्यंत, या मार्गाचे रुंद मार्गात रूपांतर पूर्ण झाले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर पाण्यावाचून हवालदिल झाले असताना मिरजेहून पाण्याची पहिली गाडी येथे आली, तीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी होते. रूळ, पूल व मोऱ्या ही केवळ प्रवासाची साधने नसून अडचणीच्या काळातील जीवनवाहिन्या आहेत, ही गोष्ट लातूरच्या नागरिकांना वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही.

१८६७ ची पडझड

घाट खुला होऊन चार वर्षे झाली होती. आठ दरीपुलांपैकी एक पूल इंग्रजी कागदपत्रांत ‘म्हाऊ-की-मल्ली’ या नावाने नोंदलेला आहे. त्यास प्रत्येकी ५० फूट गाळ्याच्या आठ अर्धगोल कमानी होत्या. १९ जुलै १८६७ रोजी, ऐन पावसाळ्यात, हा भव्य पूल कोसळला. ज्या कामाची वाखाणणी विलायतेतील अभियंत्यांच्या सभांतून झाली होती, त्याचाच एक भाग दरीत दगडांच्या ढिगाच्या रूपाने पडला.

या पडझडीचे मूळ निकृष्ट दगडकामात आढळले. त्यानंतर कंपनीच्या मार्गावरील इतर दगडी बांधकामांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले; तपासणी झाली व अनेक ठिकाणी दुरुस्ती वा पुनर्बांधणी करावी लागली.

मोठ्या दगडकामात असा दोष कोठे शिरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. जाड खांब किंवा भिंत पूर्णपणे घडीव दगडांची बांधणे फार खर्चाचे असते. म्हणून बाहेरील बाजूस घडीव दगडांचा थर लावतात व आतील पोकळी ओबडधोबड दगड आणि चुना यांनी भरून काढतात. ही पद्धत मुळात सदोष नाही. मात्र तिला दोन अटी आहेत. आतला भराव हाताने रचून, प्रत्येक दगडाभोवती चुना बसवून घट्ट केला पाहिजे. आणि ठरावीक अंतराने लांब बांधदगड घालून दर्शनी थर व आतला भराव एकमेकांत गुंतविले पाहिजेत. या अटी पाळल्या नाहीत, तर खांब एकसंध राहत नाही. बाहेरचा थर वेगळा व आतला भराव वेगळा होतो. पावसाचे पाणी आत झिरपते, कच्चा चुना धुऊन जातो, भराव खाली बसतो आणि बाहेरच्या थराला फुगवटा येऊन एके दिवशी तो सुटतो.

काम चालू असताना हा दोष पाहणाऱ्यास दिसतो. काम पूर्ण झाल्यावर तो दगडाआड झाकला जातो. देखरेख करणारा अधिकारी योग्य वेळी योग्य जागी उपस्थित असणे म्हणूनच महत्त्वाचे असते. घाई, कंत्राटदारांची अदलाबदल, मजुरीच्या तक्रारी आणि अपुरी देखरेख या गोष्टी एकत्र आल्या की दगडाआडचे काम हमखास बिघडते.

किल्लारीची आठवण

हा दोष लातूर जिल्ह्याला अपरिचित नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारी परिसरात भूकंप झाला व काही क्षणांत हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी होती. याहून अधिक तीव्रतेच्या भूकंपांत अन्यत्र याहून पुष्कळ कमी जीवितहानी झाल्याची उदाहरणे आहेत. येथे एवढा अनर्थ घडला तो मुख्यतः घरांच्या भिंतींमुळे.

त्या भिंती दोन-अडीच फूट आणि काही ठिकाणी त्याहूनही जाड होत्या. पाहणाऱ्यास त्या अभेद्य वाटत. प्रत्यक्षात बाहेरचा एक थर व आतला एक थर असे दोन स्वतंत्र थर मातीत बसविलेले होते आणि मधली पोकळी लहान दगड व माती यांनी भरलेली होती. दोन्ही थरांना गुंतविणारे बांधदगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर माळवदाचे, वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेले छत होते. धक्का बसताच दोन थर फाकले आणि माळवद खाली आले. बोरघाटातील दरीपूल व किल्लारीचा वाडा यांत आकाराने, काळाने व कारणांनी फार अंतर आहे. परंतु दगडी बांधकामाचे बळ त्याच्या जाडीत नसून सांध्यात असते, हे दोहोंनी सारखेच सिद्ध केले.

भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणासाठी जे उपाय सांगण्यात आले, त्यांत भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई व काँक्रीट भरण्याचा उपाय प्रमुख होता. ज्या जागी मुळात बांधदगड असावयास हवा होता, त्या जागी तो मागाहून बसविण्याचाच हा प्रकार होय.

गावच्या पुलाकडे कसे पाहावे?

२ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी कमानी पूल पुरात वाहून गेला व एस. टी.च्या दोन बसगाड्यांसह वाहने नदीत पडून अनेकांना प्राणास मुकावे लागले. जुना पूल आजवर टिकला, एवढ्यावरून तो उद्याही टिकेल असा निष्कर्ष काढता येत नाही, हे त्या रात्रीने दाखविले. मांजरा खोऱ्यात ओढ्यानाल्यांवर लहान-मोठे पूल, दगडी मोऱ्या व जुने बांध ठिकठिकाणी आहेत. त्यांची तांत्रिक तपासणी अभियंत्यांनीच करावयाची असते. मात्र पहिली खूण दिसते ती रोज त्या वाटेने जाणाऱ्या ग्रामस्थाला. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी व कर्मचाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा व मोठा पूर ओसरल्यावर एकदा पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात.

पहिली गोष्ट पायाची. पुराचे पाणी खांबाच्या बुडाशी माती उकरते व पाया उघडा पडतो. पुलाच्या आसपास वाळूचा उपसा होत असेल तर हा धोका अनेक पटींनी वाढतो. असा उपसा रोखणे हे पुलाच्या रक्षणाचेच काम आहे.

दुसरी गोष्ट झाडांची. सांध्यात उगवलेले पिंपळाचे किंवा उंबराचे रोप बोटभर असताना सहज निघते. त्याचे मूळ आत गेले की ते पाचरीसारखे काम करून दगड फाकविते. वाढलेले झाड ओढून काढल्यास दगडही सुटतात, म्हणून ते जाणकारांच्या सल्ल्यानेच काढावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. पुलाच्या भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली छिद्रे बुजली असल्यास मोकळी करावीत. चुना निघून गेलेल्या दर्जा पुन्हा भराव्या लागतात; परंतु चुन्यातील जुन्या कामावर सिमेंटचा कडक गिलावा दिल्यास आतले पाणी आतच कोंडते. अशी दुरुस्ती अभियंत्यास विचारूनच करावी.

चौथी गोष्ट आकाराची. भिंतीला फुगवटा, कमानीच्या माथ्याजवळ नवी भेग, सरकलेला किंवा पडलेला दगड, रस्त्याच्या पृष्ठभागावर अकस्मात पडलेला खड्डा यांपैकी काहीही आढळल्यास तारखेसह नोंद करून, छायाचित्रासह, जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या संबंधित कार्यालयास लेखी कळवावे. धोका उघड दिसत असेल तर उत्तराची वाट न पाहता वाहतूक थांबविण्यासाठी तहसील कार्यालयाशी तत्काळ संपर्क साधावा.

नवे काम चालू असताना तर अधिक दक्षता हवी. पाया भरण्याचा, आतला भराव घालण्याचा व सळया झाकण्याचा दिवस कोणता, हे सदस्यांनी विचारून घ्यावे आणि त्या दिवशी अभियंता हजर आहे की नाही, हे पाहावे. उद्घाटनाच्या दिवशी पाहावयास मिळतो तो केवळ दर्शनी भाग.

शिक्षकांनाही यात पुष्कळ करण्याजोगे आहे. पाचरीच्या आकाराचे लाकडी ठोकळे किंवा ओल्या मातीच्या विटा करून मुलांकडून लहान कमान उभी करवून घ्यावी, ढोला काढून दाखवावा आणि एका बाजूचा आधार किंचित सरकवून कमान कशी ढासळते तेही दाखवावे. गावातील पूल, बारव, वेस व गढी यांची मापे, दगडांची ठेवण व आजची स्थिती यांची नोंदवही विद्यार्थ्यांनी करावी. इतिहास, भूगोल व विज्ञान या तिन्ही विषयांचा त्यात समन्वय साधेल आणि काही वर्षांनी तीच नोंदवही अभियंत्यांनाही उपयोगी पडेल.

बोरघाटात आजही रोज अनेक गाड्या वर-खाली होतात. मार्गाची आखणी काही ठिकाणी बदलली, वाफेची एंजिने जाऊन विजेची आली, नव्या पुलांस काँक्रीट आले. तरी घाटातील जुन्या दगडी कमानी एकोणिसाव्या शतकातील पाथरवटांच्या कौशल्याची साक्ष देत उभ्या आहेत. त्या उभ्या आहेत, कारण त्यांचे आतले काम चोख झाले आणि पुढेही त्यांची निगा राखली गेली. ज्या पुलाच्या बाबतीत आतल्या कामात कसूर झाली, तो चार वर्षांत गेला. पुढच्या वेळी पहाटेच्या गाडीने घाट उतरताना देवणीच्या प्रवाशाने या दोन्ही गोष्टी आठवाव्यात; आणि गावी परतल्यावर ओढ्यावरच्या पुलाच्या बुडाशी एकदा वाकून पाहावे.